मापाचा जोडा

पादत्राणांच्या दुकानात शिरणारा प्रत्येक जण आपला एक नंबर सांगतो. ‘सहा द्या’, ‘आठ दाखवा’. हा नंबर त्याला कोणी आणि कधी दिला, असे विचारले तर बहुतेकांना उत्तर देता येत नाही. कधी तरी, कुठल्याशा दुकानात, एखादा जोडा बरा बसला. त्याच्या तळाशी जो आकडा होता तो पुढे रक्तगटासारखा आयुष्यभर सोबत राहिला. जोडा पायात घालून, दुकानातच चार पावले चालून पाहण्याची सोय होती तोवर या आकड्याची परीक्षा तिथल्या तिथे होत असे. मोबाइलच्या पडद्यावर बोट टेकवून जोडा मागवण्याचे दिवस आले आणि त्या आकड्यावर त्याला न पेलणारा भार येऊन पडला.

नांदेड-देगलूर रस्त्यावरच्या नायगावात एक निवृत्त शिक्षिका राहतात. गाव त्यांना ‘बाई’ एवढ्याच नावाने ओळखते. वय चौसष्ट. थोरला मुलगा पुण्याला नोकरीत, धाकटा घरचे कापडाचे दुकान सांभाळतो, आणि त्याची सहावीतली मुलगी ही आजीची सावली. बाईंचा नंबर सहा. नोकरीची तीस वर्षे त्यांनी सहा नंबरची चप्पल घातली आणि त्या चपलेने कधी तक्रार केली नाही. चपलेला पुढून भिंत नसते, बाजूने कुंपण नसते. पाऊल थोडे बाहेर आले तरी चालते. त्यामुळे त्या आकड्यात खरे किती आणि खोटे किती, हे तपासण्याची वेळच आली नव्हती.

ती वेळ मधुमेहाने आणली. आजार बारा वर्षांचा जुना. नांदेडच्या डॉक्टरांनी एकदा बाईंना डोळे मिटायला सांगून नायलॉनचा एक बारीक तंतू तळव्याला ठिकठिकाणी टेकवला आणि प्रत्येक वेळी विचारले, ‘कळतंय का?’ अंगठ्याखाली आणि चवड्यावर तीन-चार ठिकाणी बाई गप्प राहिल्या. तंतू टेकला होता. त्यांना कळले नव्हते. डॉक्टरांनी तीन गोष्टी सांगितल्या. अनवाणी चालायचे नाही. बाहेर जाताना पुढून बंद, चवड्याला ऐसपैस आणि आतून मऊ असा जोडा घालायचा. आणि रोज रात्री दोन्ही तळवे पाहायचे, स्वतःला दिसत नसतील तर घरातल्या कोणाकडून पाहून घ्यायचे.

पहिल्या सूचनेने घरात अडचण उभी राहिली. आपल्या घरांत चप्पल उंबऱ्याबाहेर सोडायची रीत. मंदिराचे तर बोलायलाच नको. त्यातून वाट काढली गेली. घरात वावरण्यासाठी मऊ रबराची एक स्वतंत्र, स्वच्छ चप्पल आली. मंदिरात पादत्राण नाही ते नाहीच, पण बाईंनी दर्शनाची वेळ सकाळची ठरवली. चैत्र-वैशाखात मराठवाड्यातली फरशी दुपारी तव्यासारखी तापते, आणि ज्याच्या तळव्याला चटका कळत नाही त्याला फोड आल्यावरच समजते. दुसरी सूचना, म्हणजे बंद जोडा, ही मात्र फारच सोपी वाटली होती.

नायगावच्या बाजारात पादत्राणांची दुकाने आहेत, पण साठीच्या पुढच्या स्त्रीसाठी पुढून बंद, रुंद आणि चामडे नसलेला जोडा हे गिऱ्हाईक कोणत्याच दुकानदाराच्या हिशेबात नसते. यात त्याचा दोष नाही. छोट्या गावातला दुकानदार खपणारे माप ठेवतो. वर्षातून एकदा विचारले जाणारे माप फळीवर अडकवून ठेवणे त्याला परवडत नाही. एकाने सहा नंबरचा एक अरुंद काळा बूट काढून दाखवला आणि घट्ट वाटला तर ‘आठ दिवसांत सैल पडंल, बाई’ असे परंपरागत आश्वासनही दिले. बाईंनी तो घेतला नाही. पुण्याच्या मुलाने फोनवर सांगितले, ‘आई, तू कशाला हिंडायलीस उन्हात? मी मागवतो.’ चौथ्या दिवशी सहा नंबरचा, फिक्या निळ्या रंगाचा जोडा दारात हजर झाला.

बाईंनी तो घातला, अंगणात दोन फेऱ्या मारल्या. यजमानांनी विचारले, ‘बसतो का?’ बाई म्हणाल्या, ‘छान बसतो की. कुठंच लागत नाही.’

तिसऱ्या रात्री तळवे पाहताना नातीला डाव्या करंगळीच्या बुडाशी लालभडक चट्टा आणि त्याच्या मधोमध पाण्याने भरलेला फोड दिसला.

‘जोडा कुठे चावतो ते घालणाऱ्यालाच ठाऊक’ असे आपण म्हणतो. बाईंच्या बाबतीत हे वचन उलटे पडले होते. जोडा चावत होता आणि घालणारीलाच ते ठाऊक नव्हते. मधुमेहात पायाच्या संवेदना मंदावल्या की माणसाला मापाचा जोडा ढिला वाटतो आणि घट्ट जोडा ‘नीट बसलेला’ वाटतो, कारण दाब पुरेसा वाढल्यावरच त्याला तो जाणवतो. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यांनुसार आपल्या देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे. त्यांतल्या ज्यांना तो बरीच वर्षे आहे, अशा पुष्कळांच्या तळव्यांची बाईंसारखी परीक्षाही झालेली नसेल. न दुखणारी जखम माणूस चालवत राहतो, ती चिघळते, आणि गोष्ट बोट कापण्यापर्यंत किंवा त्याही पुढे जाते.

हा धडा वैद्यकशास्त्राला आपल्याच देशात, वेगळ्या आजाराच्या निमित्ताने मिळाला होता. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात विसाव्या शतकाच्या मध्यास काम करणारे शल्यविशारद डॉ. पॉल ब्रँड यांनी कुष्ठरुग्णांचे पाय वर्षानुवर्षे अभ्यासले. रोग्याचे मांस आपोआप झडते अशी तेव्हाची समजूत होती. वेदना हरवल्यामुळे साध्या साध्या इजा दुर्लक्षित राहतात आणि त्यांतून पाय निकामी होतो, हे त्यांनी दाखवून दिले. मऊ, सच्छिद्र रबराच्या तळाची पादत्राणे त्या कामातून पुढे आली. आज मधुमेहींना डॉक्टर ज्या ‘एमसीआर’ चपला सुचवतात त्यांचा वंश तोच. बाईंची घरातली चप्पल याच जातीची.

फोड सुदैवाने वेळेत दिसला. डॉक्टरांनी पट्टी बांधली, पंधरा दिवस चालणे बंद केले, आणि तो बूट पुन्हा पायात घालू नका असे बजावले. मुलाने पुण्याहून तो परत पाठवण्याची व्यवस्था करू पाहिली, परंतु अंगणात फिरून तळ मळलेला असल्याने विक्रेत्याने नकार दिला. मग त्याने सरळ एक नंबर वाढवून सात नंबरचा जोडा मागवला. बहुतेक लोक हेच करतात. हा जोडा चवड्याला काहीसा बरा झाला, पण पाऊल आत मागेपुढे सरकू लागले, टाच प्रत्येक पावलाला वर उचलली जाऊ लागली. बूट ज्या ठिकाणी वाकतो ती जागा बोटांच्या सांध्याखाली यावी लागते. लांबी वाढली की ती पुढे सरकते. उंबरा ओलांडताना बाई एकदा अडखळल्या, आणि यजमानांनी जोडा डब्यात घालून ठेवला. त्या वयात पडण्याची भीती फोडापेक्षा कमी नसते.

सहा अरुंद आणि सात लांब, असा हा पेच. तो सुटण्यासाठी हा आकडा नेमका काय मोजतो ते पाहणे भाग आहे.

आपल्याकडे चालणारी मापे इंग्रजांबरोबर आली. त्यांचे एकक आहे जवाचा दाणा. तीन दाणे म्हणजे एक इंच, एक दाणा म्हणजे एक नंबर. आपल्या जुन्या मोजमापातही आठ यव म्हणजे एक अंगुळ असे कोष्टक होते, तेव्हा धान्याच्या दाण्याने लांबी मोजण्याचे आपल्याला नवल वाटू नये. इंग्रजी पद्धतीत चार इंच, म्हणजे बारा दाणे, हे शून्य. तिथून लहान मुलांचे तेरा नंबर मोजायचे आणि मग मोठ्यांसाठी पुन्हा एकपासून सुरुवात करायची. या हिशेबाने मोठ्यांचा सहा नंबर म्हणजे ३१ दाणे, म्हणजे १०.३३ इंच, म्हणजे सुमारे २६.२ सेंटिमीटर. ही लांबी पावलाची नाही. ज्या साच्यावर बूट बेतला जातो त्या फर्म्याची, जुन्या मराठीत सांगायचे तर कलबुताची, ही लांबी. पाऊल त्याहून दीड-पावणेदोन सेंटिमीटर आखूड असायला हवे, म्हणजे चालताना बोटांना पुढे जागा राहते. दोन लगतच्या नंबरांत साडेआठ मिलिमीटरचा फरक असतो. युरोपातील माप याहून वेगळे, तिथे एका सेंटिमीटरचे दीड नंबर होतात. आपला सहा तिथे एकोणचाळीसच्या आसपास जातो. अमेरिकेतला आकडा आणखी निराळा, आणि तिथे स्त्रियांचा व पुरुषांचा हिशेबही वेगवेगळा. इंग्रजी सहा अमेरिकेत पुरुषांसाठी साधारण सात आणि स्त्रियांसाठी आठ होतो. पडद्यावर नुसता ‘८’ दिसला आणि तो कोणत्या देशाचा हे न पाहता बोट टेकवले, तर परत पाठवण्याच्या उद्योगाची तयारी ठेवावी.

या सगळ्या आकडेमोडीत एक गोष्ट कुठेच आली नाही, ती म्हणजे रुंदी. नंबर लांबीचा असतो. पाश्चात्त्य देशांत रुंदीसाठी वेगळी अक्षरे आहेत आणि जुन्या दुकानांत पाऊल मोजण्याचे धातूचे उपकरणही असे. आपल्याकडे नंबर आला, ती अक्षरे सर्वसाधारण दुकानांपर्यंत पोहोचलीच नाहीत. त्यापूर्वी गावात जोडे करणारा कारागीर कागदावर किंवा जमिनीवर पाऊल आखून घेत असे. त्याला नंबर ठाऊक नव्हता, पण माणसाचे पाऊल ठाऊक होते.

भारतीयांचे पाऊल मुळातच रुंद असते, हा निव्वळ अंदाज राहिलेला नाही. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने डिसेंबर २०२१ ते मार्च २०२२ या काळात देशाच्या पाच विभागांतील ७९ ठिकाणी १,०१,८८० लोकांची पावले त्रिमितीय यंत्राने मोजली. युरोपीय व अमेरिकी पावलांपेक्षा आपली पावले रुंद आहेत, आणि त्यामुळे आपण एक तर अरुंद जोड्यात पाय कोंबतो किंवा रुंदीसाठी लांब जोडा घेतो, असे त्यातून पुढे आले. बाईंच्या घरात जे घडले तेच हे. त्या पाहणीवरून ‘भा’ नावाची भारतीय मापपद्धत सुचवण्यात आली असून तीत वयानुसार आठ गट केलेले आहेत. ‘भा’ म्हणजे अर्थातच भारत. ही पद्धत रुळेल तेव्हा रुळेल. आज पडद्यावर दिसणारा आकडा जवाच्या दाण्याचाच आहे.

रुंदीचे एक कारण अनवाणी आणि चपलेत चालण्याच्या सवयीतही असावे. कोंडून न ठेवलेली बोटे पसरतात. ते वाईट मुळीच नाही. राव आणि जोसेफ या दोन भारतीय डॉक्टरांनी २३०० मुलांच्या पावलांचे ठसे तपासून १९९२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सपाट तळव्यांचे प्रमाण जोडे वापरणाऱ्या मुलांत ८.६ टक्के, तर अनवाणी वावरणाऱ्यांत २.८ टक्के आढळले होते. वर्षानुवर्षे पायी विहार करणाऱ्या साधुसाध्वींची पावले ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना पसरलेल्या बोटांचे भक्कम पाऊल कसे असते हे वेगळे सांगायला नको. अडचण एवढीच की असे पाऊल साठाव्या वर्षी एकदम दुसऱ्याच देशाच्या साच्यात बसवायचे असते.

आपल्या वाचकांपैकी अनेकांसाठी यात आणखी एक गाठ आहे. ‘आठ दिवसांत सैल पडेल’ हे दुकानदाराचे वाक्य खोटे नव्हते. ते चामड्याच्या जोड्यासाठी खरे होते. चामडे तंतुमय असते, घामाच्या ओलाव्याने व उष्णतेने मऊ पडते, थोडे ताणले जाते आणि पावलाचा आकार धरते. कृत्रिम आवरणाचा गुण तसा नाही. ते एक तर ताणत नाही किंवा ताणून पुन्हा पूर्वपदावर येते. ते आठ दिवसांनीही तितकेच घट्ट राहते, आणि अखेर सैल पडण्याऐवजी तडकते. चामडे न वापरणाऱ्या माणसाने म्हणूनच ‘पुढे होईल बरोबर’ या भरवशावर राहू नये. पहिल्या दिवशी जे माप, तेच शेवटच्या दिवसापर्यंत.

जोडा चामड्याचा आहे की नाही हे पडद्यावर ओळखण्यातही फसगत होते. ‘स्वेड’ आणि ‘नुबक’ हे शब्द कापडासारखे ऐकू येतात. दोन्ही चामड्याचेच प्रकार आहेत. ‘पीयू लेदर’, ‘फॉ लेदर’, ‘व्हीगन लेदर’ या नावांत लेदर असले तरी ते चामडे नसते. अनेक जोड्यांच्या आत किंवा डब्यावर छोटी चित्रे छापलेली असतात. युरोपात ती १९९४ च्या निर्देशाने आली. पसरलेल्या कातड्याचा आकार म्हणजे चामडे, विणलेली जाळी म्हणजे कापड, नुसता चौकोनी हिरा म्हणजे अन्य कृत्रिम पदार्थ. आणि कातड्याच्या आत हिरा असेल तर ते वरून थर दिलेले चामडेच. वरचे आवरण, आतले अस्तर आणि तळ या तिन्हींची चित्रे वेगवेगळी पाहावीत, कारण वर कापड आणि आत चामड्याची गादी असलेले जोडेही असतात. जोडणीचा चिकट पदार्थ प्राणिज आहे काय, हे मात्र ही चित्रे सांगत नाहीत. आता बहुतेक कारखान्यांत तो कृत्रिम असतो. तरी ज्यांना खात्रीच हवी त्यांनी विक्रेत्याला लेखी विचारावे.

तिसऱ्या खेपेला मात्र नायगावच्या घरात काम रीतसर झाले, आणि ते नातीने केले. पावले दिवसभरात किंचित सुजतात, म्हणून सूर्यास्तापूर्वीचे जेवण आटोपल्यावरची वेळ निवडली. भिंतीला लावून एक कोरा कागद फरशीवर चिकटवला. आजीला पातळ मोजे घालून त्यावर उभे केले, टाच भिंतीला टेकवून, दोन्ही पायांवर सारखा भार देऊन. बसून मोजले तर पाऊल आखूड आणि अरुंद भरते. भार पडल्यावरच ते खरे पसरते. पेन्सिल अगदी सरळ उभी धरून तिने बाह्यरेषा काढली. पेन्सिल आत कलली तर कागदावर पाऊल बारीक होते, बाहेर कलली तर जाड. मग अंगठ्याच्या टोकाशी खूण केली, आणि मग तिच्या लक्षात आले की आजीचे अंगठ्याशेजारचे बोट अंगठ्यापेक्षा लांब आहे. खूण तिथे करावी लागली. दुकानातल्या टेपने लांबी, चवड्याची सर्वांत मोठी रुंदी आणि चवड्याभोवतीचा घेर अशी तीन मापे दोन्ही पायांची घेतली. उजवे पाऊल २४.१ सेंटिमीटर, डावे २४.५. पावले अशी लहानमोठी असणे सर्रास आढळते. जोडा नेहमी मोठ्या पावलाला घ्यावा आणि लहान पायात हवी तर पातळ गादी घालावी. चवड्याची रुंदी ९.९ भरली. डब्यात ठेवलेल्या पहिल्या जोड्याची आतली गादी काढून मोजली तर तिची रुंदी ८.७. कागदावरचे आखलेले पाऊल त्या गादीवर ठेवताच ते दोन्ही बाजूंनी बाहेर डोकावले; फोड नेमका त्याच जागी आला होता.

म्हणजे सहा हा आकडा चुकीचा नव्हताच. २४.५ सेंटिमीटरच्या पावलाला सहाच हवा होता. हवा होता तो रुंद सहा.

तो कुठे मिळतो याचे उत्तर थोडे गमतीचे आहे. इंग्रजी मापात स्त्री-पुरुषांचा आकडा एकच असतो, पण पुरुषांचा फर्मा रुंद असतो. स्त्रियांच्या विभागात जो सहा अरुंद, तोच पुरुषांच्या विभागात ऐसपैस भेटतो. यजमानांनी आधी नाराजी दर्शवली, ‘आता ह्या वयात गड्यांचे बूट घालायलेत का?’ नातीने त्यांना सांगितले, ‘आजोबा, बूट करड्या रंगाचे आहेत, त्याच्यावर कुठं लिहिलंय का कुणाचे ते?’ प्रश्न मिटला.

निवड करताना आणखी दोन गोष्टी पाहिल्या. एक, आतली गादी काढता येणारी हवी, म्हणजे जोडा आल्यावर ती बाहेर काढून तिच्यावर उभे राहता येते. पाऊल तिच्या कडेबाहेर गेले तर जोडा अरुंद. सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीइतकी जागा उरली नाही तर आखूड. दुसरी गोष्ट बांधणीची. आपल्याकडे जोडा दिवसातून दहा वेळा काढावा लागतो, म्हणून नाडी कोणाला नको असते. नाडी नसलेला, पाय सरकवून घालायचा जोडा पायावर टिकतो तो केवळ घट्टपणाच्या जोरावर. सैल घेतला तर निसटतो, म्हणून लोक तो मुद्दाम घट्टच घेतात. चिकटपट्टीचा जोडा पावलाच्या वरच्या भागावर धरून राहतो आणि बोटांना मोकळे सोडतो. घालायला-काढायलाही सोपा. गुडघे धरलेल्या वयात याहून सोयीचे काही नाही.

मापांच्या तक्त्यात सेंटिमीटरचा रकाना असतो, तो आधी वाचावा. तिथेही एक पेच आहे. काही विक्रेते त्या रकान्यात पावलाची लांबी देतात, काही आतल्या गादीची. दोन्हींत सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरचे अंतर पडते. कशाची लांबी हे लिहिलेले नसेल तर खरेदीदारांच्या अभिप्रायांत डोकवावे; ‘एक नंबर लहान येतो’, ‘पुढून निमुळता आहे’ असे दहा जणांनी लिहिले असेल तर ते जाहिरातीपेक्षा विश्वसनीय.

परतीच्या अटी पैसे देण्यापूर्वी वाचाव्यात, नंतर नव्हे. ग्राहक संरक्षण (ई-वाणिज्य) नियम जुलै २०२० पासून लागू आहेत. त्यांनुसार परती, परतावा व बदल यांच्या अटी ग्राहकाला स्पष्ट दाखवणे बंधनकारक आहे. वस्तू सदोष असेल किंवा दाखवल्याप्रमाणे नसेल तर विक्रेत्याला ती परत घेण्यास नकार देता येत नाही. आणि तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच व एक महिन्यात निवारण द्यायचे असते. केवळ माप बसले नाही म्हणून परत घेणे हा मात्र विक्रेत्याच्या स्वतःच्या धोरणाचा भाग. म्हणून जोडा आला की तो अंगणात नेऊ नये. पलंगावर किंवा अंथरलेल्या चादरीवर, संध्याकाळी, नेहमीच्या मोज्यांसह घालून पाहावा; डबा आणि चिठ्ठ्या सांभाळून ठेवाव्यात. रोखीने पैसे दिले असतील तर परतावा बँक खात्यात येतो, आणि इथेच भामटे टपलेले असतात. शोधून काढलेल्या कुठल्याही ‘ग्राहक सेवा’ क्रमांकावर फोन करू नये. ॲपमधूनच तक्रार नोंदवावी. पैसे मिळवण्यासाठी ओटीपी सांगावा लागत नाही, कोड स्कॅन करावा लागत नाही, पिन घालावा लागत नाही. पिन हा पैसे देताना लागतो. ग्राहकांच्या तक्रारीसाठी १९१५ आणि फसवणूक झाल्यास तत्काळ १९३० हे दोन क्रमांक घराच्या भिंतीवर लिहून ठेवण्याजोगे आहेत.

करडा जोडा आला. नातीने गादी काढली, आजीला तिच्यावर उभे केले, चारही बाजूंनी पाहिले आणि मान हलवली. बाईंना मात्र तो ढगळ वाटला. ‘सैल वाटतो गं,’ त्या म्हणाल्या. घरात कोणी त्यांचे ऐकले नाही. यावेळी साक्ष कागदाची होती. पहिल्या दिवशी अर्धा तास, दुसऱ्या दिवशी तेवढाच, मग हळूहळू वाढवत, आणि प्रत्येक वेळी काढल्यावर दोन्ही पाय उजेडात पाहून, पंधरवड्याने तो जोडा तासभराच्या फेरीला लागला. घालण्यापूर्वी आत हात फिरवायची सवय बाईंनी स्वतःला लावून घेतली. आपल्याकडे बाभळीचा काटा कुठेही सापडतो, आणि एकदा तर आत नातीची खोडरबरची वडी निघाली.

पुढे त्या कागदाची लागण घरभर झाली. यजमानांचे पाऊल आखले तेव्हा ते आयुष्यभर वापरत आलेला आठ नंबर त्यांना अर्ध्या नंबराने आखूड असल्याचे निघाले. दोन्ही करंगळ्यांवरच्या कुरुपांचा उलगडा झाला. वयाबरोबर तळव्याची कमान थोडी बसते आणि पाऊल लांबरुंद होते, म्हणून तरुणपणीचा आकडा म्हातारपणी खरा राहीलच असे नाही. नातीचे स्वतःचे पाऊल तर चार महिन्यांत शाळेच्या बुटाला टेकले होते. चेन्नईच्या त्याच पाहणीत मुलींच्या पावलांची वाढ अकराव्या वर्षाच्या सुमारास आणि मुलग्यांची पंधरा-सोळाव्या वर्षी सर्वाधिक वेगात असल्याचे आढळले आहे. त्या वयात जूनमध्ये घेतलेला बूट दिवाळीनंतर पुन्हा तपासायला हवा. सगळे कागद आता कपाटात एका पुठ्ठ्याच्या फाइलमध्ये आहेत, प्रत्येकावर नाव आणि तारीख घालून.

आजीच्या पावलाचा कागद घेऊन नात मध्यंतरी बाजारातल्या त्या दुकानदाराकडेही गेली होती. त्याने तो कौतुकाने पाहिला, फळीवरचा काळा बूट काढून त्याच्यावर ठेवून पाहिला, आणि ‘खरंच की’ म्हणाला. पुढच्या मालाच्या वेळी त्याने नांदेडहून रुंद चवड्याचे, चिकटपट्टीचे दोन जोड मागवले. एक महिनाभरात गेला. दुसरा अजून फळीवर आहे, नंबर सात.